प्रयोग पुन्हा जमला नाही, म्हणून संशोधन सोडायचं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रबंधासाठी एका प्रसिद्ध शोधनिबंधातला प्रयोग तू चार वेळा केलास. औषधाचा परिणाम एकदाच दिसला आणि वरिष्ठांनी ‘तेवढाच लिही’ असं सुचवलं. माझ्या हातालाच यश नाही, क्षेत्र बदलू का, असं तू विचारतेस.

आधी स्वतःच्या हाताला दोष देणं थांबव. अ‍ॅम्जेन या औषध कंपनीत कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांचा पडताळा घेतला, तेव्हा फक्त ६ निष्कर्ष खरे उतरले. हे २०१२ साली जाहीर झालं. २०१६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने १,५७६ संशोधकांना विचारलं, तर ७० टक्क्यांहून अधिक जणांना कधी ना कधी दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा जमला नव्हता.

यामागे दरवेळी लबाडी असते असं नाही. एमडीए-एमबी-४३५ या पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या. जनुकीय तपासणीत त्या त्वचेच्या कर्करोगाच्या, मेलेनोमाच्या, निघाल्या. तोवर त्यांच्यावर ढीगभर शोधनिबंध लिहून झाले होते. म्हणून पाचवा प्रयोग लावण्याआधी तुझ्या पेशींची एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) आणि मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींमध्ये नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची, तपासणी करून घे. प्रयोगात वापरलेल्या अँटिबॉडीचा (ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या रेणूचा) लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, मध्येच बदलला होता का, तेही वहीत शोध. पेशी मोजणाऱ्याला कोणत्या डिशमध्ये औषध आहे हे कळू देऊ नकोस. डिशवर फक्त सांकेतिक क्रमांक टाक. आणि एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधल्या पेशींच्या तीन डिश म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. ही चूक मुरलेल्या लोकांकडूनही होते, आणि नमुना मोठा असल्याचा भास होतो.

आता वरिष्ठांचं. चारही निकाल मुख्य तक्त्यात जायला हवेत, याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. वाद घालायची मात्र गरज नाही. ‘सर, चारही आकडे आलेखावर दाखवते आणि फरक का पडला असेल याची चर्चा लिहिते,’ एवढं म्हण. मूळ निष्कर्ष चुकीचा आहे असं मात्र लिहू नकोस, चार प्रयोगांवरून ते सिद्ध होत नाही.

करिअरचं म्हणशील, तर तुझ्यासारख्या शंकेखोर माणसाची इथे खरी गरज आहे. जैवसांख्यिकी, औषधचाचण्यांचं डेटा व्यवस्थापन, जीएलपी, म्हणजे प्रयोगशाळेच्या कामाचे गुणवत्ता-नियम, पाळणाऱ्या प्रयोगशाळांमधलं क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारे पद्धतशीर आढावे, या सगळ्यांत हेच काम रोज चालतं. माझा कल जैवसांख्यिकीकडे आहे, कारण प्रयोगशाळेत हात भिजवलेला संख्याशास्त्रज्ञ सहसा सापडत नाही. आजपासून ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शीक, एक्सेलवर विसंबू नकोस. एक्सेल काही जनुकांची नावं परस्पर तारखा करून टाकायचं. त्यापायी २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलावी लागली!

विद्यापीठातच राहायचं असेल, तर एक अडचण आहे: पडताळणीच्या कामाला नव्या शोधाइतकं श्रेय अजून मिळत नाही. पण काही नियतकालिकं आता प्रयोगाचा आराखडा आधीच तपासून स्वीकारतात. मग निकाल काहीही येवो, ठरल्याप्रमाणे काम केलं असेल तर लेख छापला जातो. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधताना मुलाखतीत त्यांना विचार, ‘तुमच्या प्रयोगशाळेत न जमलेल्या प्रयोगांच्या नोंदी कुठे ठेवता?’ उत्तर ऐकून घे, मगच होकार कळव.