हद्दपार की परागंदा?

प्रश्न असा आहे: ईशान्य चीनमधल्या मांचुरियातल्या हार्बिन शहरातल्या रशियन फॅसिस्ट पक्षाचा पुढारी कॉन्स्टंटिन रोद्झायेव्स्की याला मराठीत 'हद्दपार नेता' म्हणावं की 'निर्वासित'?

माझं मत 'परागंदा'ला. हद्दपारीला हुकूम काढणारा कुणीतरी लागतो. इव्हान इलिन या तत्त्वज्ञाला सोव्हिएत सरकारने १९२२ साली बोटीत बसवून जर्मनीला धाडलं, तो हद्दपार. १९२९ साली तुर्कस्तानात पाठवलेला क्रांतिनेता ट्रॉट्स्कीही हद्दपार. रोद्झायेव्स्कीला मात्र कुणी घालवलं नव्हतं. १९०७ साली आमूर नदीकाठच्या ब्लागोवेशचेन्स्कमध्ये जन्मलेला हा गडी १९२५ साली आपणहून सीमा ओलांडून मांचुरियात पळाला. 'तडीपार' तर नकोच. तड म्हणजे काठ, आणि तो नदीपलीकडे गेला हे खरं. पण आपल्याकडे तडीपार म्हटलं की पोलिसांनी जिल्ह्याबाहेर काढलेला गुंडच डोळ्यांपुढे येतो.

'परागंदा' मूळचा फारसी, अर्थ विखुरलेला. मराठीत तो मुलूख सोडून पळालेल्याला लागतो आणि 'होणे'शी जुळतो: 'तो १९२५ साली परागंदा झाला.' 'सरकारने त्याला परागंदा केले' हे कानाला खटकतं, आणि इथे ते खोटंही ठरेल.

'निर्वासित' हार्बिनमधल्या सर्वसामान्य रशियनांना शोभतो. क्रांतीनंतर देश सोडलेल्या त्यांच्यापैकी अनेकांकडे कुठलंच नागरिकत्व उरलं नव्हतं. पण १९३१पासून पक्षाचा सरचिटणीस असलेल्या आणि पुढे जपान्यांच्या आश्रयाने 'नाश पुत' ('आमचा मार्ग') हे वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाला नुसतं निर्वासित म्हटलं, की तो उगाच बापुडवाणा वाटतो. 'विजनवासी'ही नको, हार्बिनसारख्या गजबजलेल्या शहरात कसलं विजन?

जाता जाता, 'फॅसिस्टवादी' लिहू नका. 'इस्ट'मध्ये 'वादी' आलाच.

शेवटाबद्दल लिहितानाही जपून. १९४५ साली सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्यावर तो निसटला, मग स्टालिनला पत्र लिहून माफीच्या आशेवर स्वतःच परतला आणि पकडला गेला. त्यामुळे 'चीनने त्याला रशियाच्या हवाली केले' असं लिहू नये. मॉस्कोतल्या खटल्यानंतर ३० ऑगस्ट १९४६ रोजी त्याला गोळी घातली. त्याच खटल्यातला बोल्शेविकविरोधी सेनानी सेम्योनोव्ह फासावर गेला. दोघांबद्दल एकाच वाक्यात लिहायचं तर 'फाशी' टाळून 'देहदंड' वापरा.