आधी संचमान्यता बघ, मग मामांशी बोल

प्रिय मुली,

शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांशी मामांची ओळख, त्यांच्या शाळेत शिक्षकाची जागा निघतेय आणि "डोनेशनचं बघू" एवढ्यावर घरात शेताचा तुकडा विकायला काढायची भाषा सुरू झाली, हे तुझ्या पत्रातून कळलं. शेताला हात लावण्याआधी एवढं वाच.

अनुदानित शाळेत संस्थेचा नेमणूक आदेश हा पहिला कागद, शेवटचा नव्हे. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या पगार प्रणालीतला तुझा क्रमांक. तो आल्याशिवाय सरकारी पगाराचा एक रुपया निघत नाही. अध्यक्षांचा पुतण्या पाच वर्षं बिनपगारी थांबू शकतो, तुला ते परवडणार नाही.

म्हणून आधी पद खरं आहे का ते बघ. चालू वर्षाच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते सांगणाऱ्या सरकारी कागदात, तुझ्या विषयाचं पद मंजूर हवं. बिंदूनामावलीत (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाला, याची यादी) ते तुझ्या प्रवर्गाला किंवा खुल्याला सुटलेलं हवं. जिल्ह्यात त्या विषयाचे अतिरिक्त शिक्षक असतील तर आधी त्यांचं समायोजन होतं, म्हणजे रिकामी जागा त्यांना मिळते, आणि पैसे घेणारा नेमकं हेच सांगत नाही. हे कागद माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मिळतात. एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कर.

सगळ्यात घातक प्रकार मागच्या तारखेच्या आदेशाचा. 2 मे 2012 ला भरती बंद झाली, म्हणून त्याआधीची तारीख टाकून नेमणूक दाखवायची, हजेरीपत्रकात मधली पानं घुसवायची. तुझं बी.एड. 2021 चं. 2012 चा आदेश तुझ्याच गुणपत्रिकेपुढे टिकणार नाही. बनावट शालार्थ आयडीवर पगार काढण्याचा नागपूर विभागातला घोटाळा 2025 मध्ये उघड झाला. त्याआधी 2019-20 च्या टीईटीत (शिक्षक पात्रता परीक्षेत) गुण वाढवून घेतलेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरले होते. बेकायदा कामासाठी, तेही पावतीशिवाय, दिलेले पैसे कोर्टातून परत मिळवणं फार अवघड.

सरळ वाट पवित्र पोर्टलची, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळाची. जिल्हा परिषदा आणि महापालिकांची भरती मुलाखतीशिवाय, टेट या परीक्षेच्या गुणांवर होते, तिथे मामा कुणाचेच चालत नाहीत. खासगी संस्था मुलाखतीचा पर्याय घेऊ शकतात आणि पुतण्या आत शिरतो तो तिथूनच. त्या जागाही प्राधान्यक्रमात भर, पण सगळी आशा त्यांच्यावर ठेवू नकोस.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी; ती टीईटीहून वेगळी. तिच्यात 200 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. अभियोग्यतेचे 120, बुद्धिमत्तेचे 80. नकारात्मक गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. बहुतेकांचा घात गणिती प्रश्नांवर रेंगाळल्याने होतो. घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडव, धडे वाचत बसू नकोस. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा पेपर दोन लागतो, नववीपासून नाही.

परीक्षेनंतरचं नुकसान जास्त चीड आणणारं असतं. पोर्टलवर स्वतःची माहिती भरायच्या स्वप्रमाणपत्रात प्रवर्ग किंवा पदवीचा विषय चुकतो, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते, प्राधान्यक्रम भरून झाले तरी लॉक करायचे राहतात. लॉक नाही म्हणजे तुझा विचारच नाही, गुण कितीही असोत.

निवड झाली की सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन: माध्यमिकला महिना 18,000, प्राथमिकला 16,000. घरच्यांना हा आकडा आत्ताच सांगून ठेव. तोवर तासिका तत्त्वावर काम मिळालं तर घे, मात्र लेखी आदेश हातात पडल्याशिवाय वर्गावर जाऊ नकोस.

मामांना दुखवू नकोस. ओळख वापरायचीच असेल तर त्यांनी अध्यक्षांकडून संचमान्यतेची प्रत आणून द्यावी. टाळाटाळ झाली तर तुझा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.