तान्ह्या बाळांचे मृत्यू कमी झाले, मग उपजत मृत्यू तेवढे का कमी होत नाहीत?

तुम्ही विचारलंय की गेल्या तीसेक वर्षांत बाळं दगावायचं प्रमाण एवढं घटलं ते दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळेच का, आणि उपजत मृत्यू मागे का राहिले. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्सबाई होते, बरीच वर्षं उपकेंद्रात काढली, आता रिटायर आहे. जे बघितलंय आणि वाचलंय त्यावरून सांगते.

पोटात किंवा कळा चालू असताना गेलं तर उपजत, जिवंत जन्मून २८ दिवसांच्या आत गेलं तर नवजात मृत्यू, कागदावर एवढंच आहे. पण रात्री दोन वाजता लाईट गेलेली, बाळ निळं पडलेलं, रडत नाही, अशा वेळी "मेलेलंच जन्मलं" असं लिहिणं सगळ्यांनाच सोपं पडतं, कारण जिवंत जन्म लिहिला की मग मृत्यूचं कारण द्या, चौकशीला तोंड द्या. खोटं म्हणून नाही लिहीत कोणी, बऱ्याचदा खरंच कळत नाही, छातीत ठोके बारीक चालू असतात आणि बघायला वेळ नसतो. बेळगावच्या डॉक्टरांनी कर्नाटकात बाळंतपणं करणाऱ्यांना न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास द्यायचं ट्रेनिंग दिलं होतं, तर ताजे उपजत मृत्यू, म्हणजे जन्माच्या अगदी थोडं आधी गेलं असं लिहिलेली बाळं, १.७ टक्क्यांवरून ०.९ वर आले, म्हणजे ती बाळं "मेलेली" नव्हतीच! नवजात मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. म्हणून एकच आकडा बघून काही ठरवू नका, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आता दवाखान्याचं. आपल्या देशात १९९२-९३ ला शंभरातल्या २६ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ ला ८९. २००५ ला जननी सुरक्षा योजनेचे पैसे आणि आशाताई आल्या, नंतर गाड्या आल्या. ह्याचा फायदा झालाच, नाही कसं म्हणू. पण गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी बाळंतपणं घरीच होत होती तेव्हा ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळ गुंडाळून ऊब द्यायची, श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन टोचायचं, आणि १९९३ ते २००३ मध्ये तिथले नवजात मृत्यू, असं शिकवलं नव्हतं त्या गावांच्या तुलनेत, ७० टक्क्यांनी खाली आले. उपजत मृत्यूही त्याच तुलनेत जवळपास निम्मे झाले. म्हणजे इमारतीपेक्षा बाळाजवळ कोण आहे आणि तिला काय येतं ह्यावर जास्त आहे. आता आशाताई घरी येऊन बाळ तपासतात ना, ते तिथूनच आलंय.

धनुर्वात तर आजच्या पोरींना माहीतच नाही. आधी नाळेला काहीबाही लावायचे, आठवड्याभरात बाळ दूध ओढेना, मग झटके, संपलं. आईला इंजेक्शन आणि स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर तो गेला, २०१५ ला तर देश त्यातून मुक्त जाहीर झाला.

उपजत मृत्यूचं दुखणं वेगळं आहे, बाळ बाहेर यायच्या आधीच सगळं घडलेलं असतं. बीपी, रक्त कमी, साखर, बाळाची वाढ खुंटणं, वार आधीच सुटणं. बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात पण ते दर वेळी मोजलं पाहिजे आणि वाढलं तर वेळेत वर पाठवलं पाहिजे. आमच्याकडे पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते, तपासणीचं कार्ड सासरच्या गावात राहतं, माहेरची सिस्टर पहिल्यापासून सुरू करते. माझ्याच भागातली एक पोर अशीच माहेरी गेली, आधीच्या तपासणीत बीपी वाढलेलं होतं ते तिकडे कोणाला कळलंच नाही, नवव्यात बाळ पोटात गेलं. मी फोन करायला हवा होता, नाही केला. दुसरं म्हणजे कळा चालू असताना थोड्या थोड्या वेळाने ठोके ऐकणं. तीन बाया एकदम कळा देत असतील आणि सिस्टर एकच असेल तर कोणाचे ऐकणार? दवाखाने भरले, माणसं तेवढी वाढली नाहीत.

२०२० ला देशात हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात मृत्यू होते, महाराष्ट्रात ११, केरळात ४. उपजतच्या सरकारी आकड्यांवर मात्र मी एवढा विश्वास ठेवत नाही. एखाद्या जिल्ह्यात तो अचानक वाढलेला दिसला तर आधी विचारा की नोंद नीट करायला लागले का, आणि फारच कमी दिसला तर रजिस्टर उघडून बघा.