वाचकांचे प्रश्न : अभिक्रियेची वाट आणि मशीन लर्निंग

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मशीन लर्निंगच्या साहाय्याने अभिक्रियेचा संपूर्ण मार्ग संगणकावर काढता येतो, असे एका व्याख्यानात ऐकले. यात संगणक नेमके काय शिकतो आणि त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावे?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अणूंच्या प्रत्येक मांडणीची एक ऊर्जा असते, संगणक शिकतो तो एवढाच संबंध. अभिक्रियाकारकांपासून उत्पादितांपर्यंत सर्वांत कमी चढाची जी वाट जाते, तिच्यावरील सर्वोच्च बिंदू म्हणजे संक्रमण अवस्था. ही वाट शोधताना असंख्य मांडण्यांची ऊर्जा काढावी लागते. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याचा सिद्धान्त, हिच्या नेहमीच्या पद्धतीत अणू दुप्पट झाले की वेळ साधारण आठपट लागतो, त्यामुळे विद्रावकासह मोठी अभिक्रिया हाताळणे जिकिरीचे होते. यॉर्ग बेलर आणि मिकेले पारिनेलो या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये यावर तोड काढली. प्रत्येक अणूचा ऊर्जेतील वाटा त्याच्या शेजारच्या अणूंवरून न्यूरल नेटवर्कने (नमुन्यांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याने) सांगायचा आणि सर्व वाट्यांची बेरीज करायची. शेजार ठरावीक अंतरापुरताच पाहिला जात असल्याने अणू दुप्पट झाले तर वेळही जवळपास दुप्पटच लागतो.

खरी अडचण संगणकाला शिकवण्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांची, म्हणजे ऊर्जा आधीच काढलेल्या मांडण्यांची आहे, आणि व्याख्यानांत बहुधा तीच घाईने उरकली जाते. रेणू जवळजवळ सगळा काळ स्थिर मांडणीच्या आसपास घालवतो आणि संक्रमण अवस्था काही फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांश भागाचाही दशलक्षांश म्हणजे एक फेम्टोसेकंद) ओलांडतो. म्हणून साध्या सिम्युलेशनमधून जमवलेल्या नमुन्यांत नेमकी हवी ती मांडणी सापडत नाही. मांजरा नदीकाठच्या विहिरींच्या नोंदींवरून माळावरच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागेल, हे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. आकडा तर मिळतो, पण बोअर कोरडा जातो. शिवाय येथे लहान चूकही महागात पडते, कारण २५ अंश सेल्सिअसला सक्रियण ऊर्जेत (संक्रमण अवस्थेपर्यंत चढायला लागणाऱ्या ऊर्जेत) सुमारे ५.७ किलोज्यूल प्रति मोल इतका फरक पडला, तरी काढलेला वेग दहापटीने चुकतो.

म्हणून त्याच नमुन्यांवर चार-पाच मॉडेल वेगवेगळी शिकवतात, आणि ज्या मांडणीवर त्यांचे एकमत होत नाही, तिची ऊर्जा डेन्सिटी फंक्शनल थिअरीच्या मूळ पद्धतीने काढून तिची नमुन्यांत भर घालतात. मात्र एकमत झाले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. मूळ पद्धतीतच जी चूक असेल, ती सर्व मॉडेलांत सारखीच उतरते, आणि ती प्रयोगात मोजलेल्या वेगाशी किंवा अधिक अचूक पद्धतीच्या उत्तराशी ताडूनच उघडी पडते.

आपण स्वतः करून पाहणार असाल, तर क्लोराइड आयन आणि मिथाइल क्लोराइड यांच्यातील विस्थापन अभिक्रिया निवडावी. तिच्यात अवघे सहा अणू असल्यामुळे वाटेवरची प्रत्येक मांडणी साध्या संगणकावरही मूळ पद्धतीने तपासता येते.