१९१७ ची ‘थ्री-नॉट-थ्री’ विकत घेण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा: एका संग्राहकाकडे ली-एनफिल्ड रायफल आहे, तिच्यावर १९१७ साल कोरलंय, तो म्हणतो ‘पूर्ण ओरिजिनल, पहिल्या महायुद्धात वापरलेली’. बंदुकांमधलं तुम्हाला फारसं कळत नाही, तर घेण्याआधी काय पाहायचं?

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. भारतात असाल तर विषय इथेच संपला. .३०३ तिथे ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडते, साध्या परवान्यावर ती मिळत नाही. बाकी ठिकाणी आधी कागद आणि मग रायफल, या क्रमानेच जा. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर स्वतः ताडून पाहा, ‘टायपिंगची चूक आहे’ हे ऐकून घेऊ नका.

रायफल हातात आली की मॅगझिन काढा, बोल्ट (मुठीने मागे-पुढे सरकणारा, नळी मागून बंद करणारा भाग) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, नजर टाका आणि बोटही घाला. विकणाऱ्याने ‘रिकामीच आहे’ असं दहा वेळा सांगितलं तरी.

आता तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या पट्टीच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, असतो. १९१७ च्या रायफलवर जी.आर. हवं, कारण पाचवा जॉर्ज १९१० साली गादीवर आला. कारखाना इंग्लंडमधले एनफिल्ड, बी.एस.ए., एल.एस.ए., ऑस्ट्रेलियातला लिथगो किंवा आपलं ईशापूर यांपैकी बहुधा एखादा असेल. मार्क बहुधा ‘तीन’ किंवा ‘तीन स्टार’. स्टारवाली १९१६ मध्ये आली. युद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून मॅगझिनचा कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं रोखून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची व्हॉली साइट त्यात गाळली होती. सगळ्या कारखान्यांनी हा बदल एकाच वेळी केला नाही, त्यामुळे स्टार नसेल तर लगेच खोटी ठरवू नका.

खोटी कशी ओळखायची हे मात्र सांगतो, कारण नवखा माणूस तिथेच फसतो. पाकिस्तानात खैबर खिंडीच्या परिसरात, दर्रा आदमखेलला, पिढ्यान्पिढ्या हाताने एनफिल्ड बनवल्या जातात. कारागिरी दिसायला थक्क करणारी, पण शिक्का मारणाऱ्याला इंग्रजी येत असेलच असं नाही. स्पेलिंग चुकलेलं, एन अक्षर उलटं, मुकुट चेपलेल्या टोपीसारखा. सगळ्यात मजेशीर खूण म्हणजे व्हिक्टोरियाचं व्ही.आर. आणि खाली १९०७ किंवा १९१७ साल. राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये, आणि ही आखूड ली-एनफिल्ड सैन्यात आली त्यानंतर. अशी रायफल भिंतीवर टांगायला सुंदर, पण पोलादाचा भरवसा नाही, म्हणून त्यातून एकही गोळी झाडू नका.

मग नंबर. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग), नळीवर, पुढच्या नोजकॅपवर (लाकडाच्या टोकावरचं लोखंडी टोपण) आणि मागच्या साइटच्या पट्टीखाली एकच नंबर असायला हवा. लाकडाच्या पुढच्या टोकाला खालूनही तो बऱ्याचदा असतो. सगळे जुळले तर रायफल एकत्र राहिली असं समजा. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर दर खाली यायला हवा आणि हेडस्पेस (बोल्ट आणि नळी यांच्यातलं एक माप, ते खाली सांगतो) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. नळीवर स्वतःचं वेगळं साल असतं. १९१७ च्या रायफलला १९४० च्या दशकातली नळी दिसली तर दचकू नका. सैन्यात नळ्या बदलत असत. एफ.टी.आर. आणि पुढे साल असं दिसलं तर तिची कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेली आहे. ‘ओरिजिनल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला तेव्हा गप्प करता येतं, पण नेमबाजीसाठी अशी रायफल अनेकदा जास्त चांगली निघते.

‘युद्धात वापरलेली’ या वाक्याला मी शून्य किंमत देतो. कुठल्या खंदकात होती ते लोखंड सांगत नाही, आणि विकणाराही तिथे नव्हता.

डी.पी. अशी अक्षरं कुठेही दिसली, अगदी लाकडावरसुद्धा, तर ती कवायतीसाठी काढून टाकलेली रायफल आहे. झाडण्याच्या दृष्टीने तिला मेलेली समजा. अक्षरं घासून मिटवण्याचे प्रकार होतात, म्हणून त्या जागी लोखंड किंवा लाकूड उगाच खोलगट किंवा चकचकीत दिसतंय का ते तिरप्या उजेडात पाहा.

एकदा मी स्वतः गंडलो आहे. ‘जंगल कार्बाइन’, म्हणजे १९४४ मध्ये आलेली आखूड, हलकी एनफिल्ड नंबर पाच, असं सांगून मला एक रायफल विकली गेली. पुढे नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर (गोळीची ज्वाळा झाकणारा), दस्त्याला रबर, सगळं जागच्या जागी. घरी आणून वरचं लाकूड काढलं तर नळीचा मागचा जाड भाग सरळ आणि गुळगुळीत. खऱ्या नंबर पाचमध्ये तिथे वजन कमी करायला खाचा कोरलेल्या असतात. माझी होती नंबर चारची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्ण लांबीच्या एनफिल्डची, कापलेली नळी. लाकूड काढून दाखवायला विकणाऱ्याने ‘स्क्रू खराब होतील’ म्हणून नकार दिला होता, आणि मी ते ऐकलं. आता लाकूड काढू न देणाऱ्याकडून मी घेत नाही.

पण तुमच्या रायफलचं लाकूड काढताना एक जपा. एनफिल्डचा दस्ता घट्ट धरणाऱ्या, आतून जाणाऱ्या लांब बोल्टचं (नळी बंद करणारा बोल्ट नव्हे) टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला बसवलेल्या पट्टीत अडकतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, मग दस्ता. उलट क्रमाने कोणी तो बोल्ट फिरवला की लाकूड मागून फाटतं, आणि असे फाटलेले तुकडे बाजारात पुष्कळ आहेत. चीर बहुधा दस्त्याच्या पट्टीला टेकणाऱ्या भागात असते. हा भाग झाडतानाचा धक्का झेलतो. तिथे लाकूड तेल पिऊन मऊ झालं असेल किंवा तडकलं असेल तर रायफल कुठल्याही दोन गोळ्या एका जागी टाकणार नाही, नळी कितीही छान असो. ईशापूरच्या रायफलींना पुढच्या लाकडातून आडवा जाणारा एक स्क्रू दिसतो. ती दुरुस्ती नव्हे, मजबुतीसाठी तिथेच घातलेला असतो.

नळी हा खरा जीव. एनसीसीत ज्यांनी ही रायफल साफ केली आहे त्यांना पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी आठवत असेल. तीच चिंदी तेल न लावता एकदा ओढा आणि मगच आत बघा. नाहीतर जाड तेल सगळी भोकं झाकून टाकतं, आणि ते कधीकधी मुद्दामच लावलेलं असतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन मीठ सोडायचं, गरम पाण्याने धुतलं नाही की नळी गंजायची. आत काळपट ठिपके असले तरी नळीतल्या पिळदार खाचांच्या कडा धारदार असतील तर ती चांगली नेमबाजी करू शकते. कडा गोल झाल्या असतील तर नाही. उजेडाकडे धरून आत काळी वर्तुळाकार सावली दिसली तर तिथे नळी फुगली आहे. अशी रायफल परत द्या.

नळीचं तोंड स्वतंत्रपणे पाहा. पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासून तोंड लंबगोल करते. काही नंबर चार रायफलींमध्ये दुसऱ्या महायुद्धात दोनच खाचा कापल्या आहेत; तो दोष नाही. तुमच्या मार्क तीनला मात्र पाच खाचा हव्यात, डावीकडे वळणाऱ्या. मोजून बघा. आत गुळगुळीतच असेल तर ती पोलिसांसाठी .४१० मस्केट बनवलेली असू शकते, असं ईशापूरने केलेलं आहे.

राहिला हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यामध्ये काडतुसाच्या कडेला मिळणारी जागा. इथे अंदाज चालत नाही, मापक लागतो. .०६४ इंचाच्या मापकावर बोल्ट हलक्या हाताने बंद व्हायला हवा आणि .०७४ वर होता कामा नये. झाला, तर काडतूस मागून ताणलं जातं आणि तुटू शकतं. नंबर चारला शून्य ते तीन आकड्यांची बोल्टहेड (बोल्टचं पुढचं, वेगळं निघणारं तोंड) मिळतात, त्यामुळे बदलून बघता येतं. तुमच्या मार्क तीनच्या बोल्टहेडवर असे आकडे नसतात, बंदूकदुरुस्ती करणारा माणूस एकेक लावून जुळवतो. जुळलंच नाही तर तो खर्च किमतीतून वजा करा, किंवा सोडून द्या.

रिकाम्या रायफलचा बोल्ट बंद करून सेफ्टी लावा आणि ट्रिगर ओढा, मग हात काढून सेफ्टी सोडा. कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचा घोडा) तेव्हा पडला तर सेफ्टी किंवा सिअर (घोडा अडवून धरणारा भाग) झिजला आहे. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, पहिला सैल लागतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

नंबर जुळत असतील आणि नळी गेलेली असेल, तर संग्रहासाठी घ्या. नळी धारदार आणि बोल्टचा नंबर वेगळा, तर झाडायला घ्या, पण मापकानंतर. दोन्ही बिघडलं असेल आणि फक्त गोष्ट चांगली असेल तर घेऊ नका. जमल्यास दस्त्याच्या पट्टीचा उजव्या बाजूचा, बोल्टच्या मुठीचा आणि लाकूड काढून नळीच्या मागच्या भागाचा फोटो टाका, नंबरचे शेवटचे आकडे झाकून. त्यावरून मार्क आणि कारखाना तरी सांगता येईल.