एफएसआय वाढवून दिला की हॉस्टेल स्वस्त होतं का?

प्रश्न : एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ती मर्यादा, वाढवून बिल्डरला हॉस्टेलचे जास्त मजले बांधू दिले तर मुलांचं भाडं कमी कसं होणार? पैसा तर त्याच्याच खिशात जाणार ना?

जाणारच, नाहीतर तो बांधेल कशाला! गणित बघा. प्लॉटवर नियमाप्रमाणे १०० बेड बसतायत असं धरा. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये कायदा झाला, त्यात २० टक्के बेड कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात दिले की ३५ टक्के जादा बांधकाम मिळतं. म्हणजे एकूण १३५, त्यातले २० स्वस्त आणि ११५ बाजारभावाचे. जमीन एकदाच घेतलीय, जादा बेडसाठी जमिनीचा वेगळा पैसा लागत नाही, त्यातनंच स्वस्त बेडचा तोटा भरून निघतो. पण इमारत उंच गेली की लिफ्ट, आगीचे जिने, पाया सगळंच महागतं, आणि एका उंचीनंतर एफएसआय फुकट दिला तरी बिल्डर घेत नाही. आणि जिथे जुन्या नियमातच हवं तेवढं बांधता येतं तिथे या बोनसला कोण विचारतो.

प्रश्न : सवलत देताना खोल्या मोजायच्या की बेड?

बेडच! कॅलिफोर्नियातही एक बेड आणि त्याच्या वाट्याची कॉमन जागा मिळून एक युनिट धरतात. फ्लॅट मोजले तर चार बेडचा फ्लॅट एक आणि एका बेडचा स्टुडिओही एकच, मग स्वस्तातले सगळे स्टुडिओ दाखवून बिल्डर मोकळा. आणि परवानगी देताना नुसता आकडा बघून सही करू नका, प्लॅन उघडून बघा. मी एक प्लॅन बघितला होता, स्वस्त बेडचा आकडा अगदी बरोबर, पण सगळेच्या सगळे तळमजल्यावर पंपरूमला लागून, खिडक्या डक्टमध्ये. कुठल्या मजल्यावर किती स्वस्त बेड हे परवानगीतच लिहून घ्यायचं.

प्रश्न : हॉस्टेलला पार्किंगची जागा ठेवायची अट माफ केली तर गाड्या रस्त्यावर येतील त्याचं काय?

कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ असेल तर फारशा नाही येणार, लांब असेल तर येतील, तिथे माफी देऊच नये. सायकलींना जागा मात्र हवीच.

प्रश्न : ‘स्वस्त’ कुणी ठरवायचं? आणि दहा वर्षांनी मालकच बदलला तर?

बाजारभावापेक्षा अमुक टक्के कमी, असं लिहिलंत तर फसलात, कारण बाजार चढला की हेही चढतं. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यात चांगलं केलंय : राहणीखर्चासाठी सरकार विद्यार्थ्याला जास्तीत जास्त जेवढं कर्ज देतं त्याच्या ५५ टक्क्यांच्या वर भाडं जाता कामा नये, म्हणजे भाडं मुलाच्या हातातल्या पैशाला बांधलंय. शिवाय निम्म्याहून जास्त खोल्यांसाठी विद्यापीठाशी करार लागतो, त्यामुळे कुणाला ठेवायचं हे एकटा मालक ठरवत नाही. वीज, वायफाय भाड्यातच धरायला लावा, नाहीतर भाडं कमी आणि मेंटेनन्स दुप्पट असला प्रकार होतो.

मालक बदलण्याचं म्हणाल तर अट बिल्डरवर घालू नका, जमिनीवर घाला, कागदपत्रांत बोजा म्हणून चढवा म्हणजे विकत घेणाराही बांधला जातो. कॅलिफोर्नियात ही मुदत ५५ वर्षं आहे. ऐकायला फार वाटतं, पण जादा मजले काय दहा वर्षांनी खाली उतरवणारेत का?