वाचकांचे प्रश्न : सोंग, आडनाव आणि वीस बाजूंचा फासा

प्रश्न : माझा मुलगा छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकतो. दर रविवारी रात्री तो चार मित्रांसह खोलीचे दार लावून फासे टाकत बसतो, असे घरमालकांनी फोन करून कळवले. त्याला विचारले, तर म्हणतो, "बाबा, आम्ही गोष्ट खेळतो." फासे आले म्हणजे मागोमाग पैसे येतात, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. हा जुगार तर नाही ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. मात्र हा खेळ मी स्वतः काही वर्षे खेळतो आहे, तेव्हा माझे उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि तेथून हा प्रकार जगभर गेला. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला गेममास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, त्या पात्राची ताकद, चपळाई, अक्कल हे सारे कागदावर आकड्यांत मांडतात, आणि एखादी गोष्ट साधेल की फसेल याची खात्री नसेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात. आलेल्या आकड्यात पात्राच्या अंगचा गुण मिळवायचा. बेरीज गेममास्टरने ठरवलेल्या आकड्याला पोचली, तर साधले. पैशाचा संबंध कोठेच येत नाही. शेवटी कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही, आणि नवख्या माणसाला नेमके हेच पचत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तेथल्या काळोख्या भुयारी वाटेत, उतरलो होतो. बसलो होतो माझ्याच घरी, कूलरसमोर सतरंजी टाकून, पण गोष्ट तेथली होती. बँकेत नोकरी करणारा आमचा एक मित्र यादवांच्या काळातला चोर झाला होता. मी सांगितले, की मशाल विझली. ज्यांनी ती अंधारी पाहिली आहे, त्यांना तेथला काळोख वेगळा सांगायला नको. मित्र हळूच म्हणाला, "मी जागीच थांबतो. श्वास रोखतो. कान देऊन ऐकतो." त्याने टाकलेला फासा घरंगळत कूलरखाली गेला, आणि आम्ही झाडूने तो बाहेर ओढेपर्यंत खोलीत कोणी बोलले नाही. आकडा निघाला ३. त्याला काहीच ऐकू आले नाही, आणि काहीच ऐकू न येणे किती धास्तीचे असते, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. (झाडूने ओढताना फासा पालटला की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.)

सोंगी भारुडे पाहत वाढलेल्या आपल्या मुलुखाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. भारुडात जोशी किंवा वासुदेव होऊन बोलणारा माणूस सोंग घेऊन उभा आहे, हे त्यालाही ठाऊक असते आणि समोर बसलेल्यांनाही. तेव्हा पुढच्या वेळी मुलाकडे जाल, तेव्हा आपल्यासाठीही एक पात्र मागून पाहा. घरमालकांची तक्रार आवाजाबद्दल असेल, तर ती मात्र खरी धरावी, कारण आम्हीही फार ओरडतो.

प्रश्न : वय २७. डेटिंग अॅपवर एका मुलीशी जुळले. तिसऱ्याच निरोपात तिने विचारले, "आरक्षणाबद्दल तुझे मत काय?" मी लिहिले, "मला राजकारणात रस नाही." त्यानंतर तिचे उत्तर आले नाही. पहिल्याच ओळखीत असे विचारणे शोभते का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मला तरी तो प्रश्न उद्धट वाटत नाही. आपल्याकडे पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता "पूर्ण नाव काय?" असे विचारतात, आडनावावरून अंदाज लागला नाही, तर गाव विचारतात, आणि गावावरूनही उलगडले नाही, तर "त्या गावातले कोण?" येथवर चौकशी जाते. जातीचे नाव कोणीच घेत नाही, पण चहा येईपर्यंत सगळे कळलेले असते. त्या मुलीने निदान आडून विचारले नाही. अर्थात अॅपवर बहुधा नुसते पहिले नाव दिसते, त्यामुळे तिला तुमचे मत हवे होते की मताच्या मागचे आडनाव हवे होते, ही शंका तुमच्या मनात आली असेल, तर तीही अगदीच गैर म्हणता येणार नाही. मग ती शंकाच तिला लिहून कळवायची होती.

तुमचे उत्तर मात्र मला पटले नाही. एकट्या अंबड तालुक्यात, २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला आणि २०२४ मध्ये वडीगोद्रीला, याच प्रश्नाच्या दोन बाजूंनी उपोषणे झाली. शेजारच्या जिल्ह्यात राहून तुमच्या घरी त्यावर एकदाही आवाज चढला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय तुमची दोघांची जात किंवा धर्म वेगळा निघाला आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे ठरले, तर तुमची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागेल, ३० दिवस थांबावे लागेल, आणि त्या मुदतीत कायद्यात दिलेल्या कारणांवरून कोणालाही हरकत घेता येईल. तुमच्या लग्नाची वाट अशी कायद्यातून जाते, आणि कायदे राजकारणातच घडतात. मत पक्के नसेल, तर "माझा अजून गोंधळ आहे, आणि तो अमुक कारणाने आहे" असे लिहावे. तिने तरीही उत्तर दिले नाही, तर तो विषय सोडून द्यावा. पुन्हा पुन्हा निरोप पाठवू नयेत.

प्रश्न : माझ्या मैत्रिणी अॅपवरची उत्तरे एआयकडून लिहून घेतात. हेही तुमच्या खेळासारखे सोंगच नाही का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सोंग आहे, पण समोरच्याला ते माहीत नाही, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे. एका रात्री गडी जमले नाहीत, म्हणून मी एआयलाच गेममास्टर करून पाहिले. देवगिरीवरची मेंढा तोफ उचलून खिशात घालतो, असे मी लिहिले, तर त्याने माझ्या ताकदीचे कौतुक करून गोष्ट पुढे नेली! माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून त्याला वळण लावलेले असते, त्यामुळे हो म्हणणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आमचा बँकवाला मित्र गेममास्टर असता, तर त्याने मला तोफेखाली चिरडले असते. शुद्धलेखन सुधारून घ्यायला माझी हरकत नाही. पण भेटीच्या वेळी ते एआय बरोबर येणार नाही, हे मैत्रिणींच्या कानावर घाला.

प्रश्न : निवडणूक आली, की आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडणे पेटतात. राजकारणावर बंदी घालावी का?
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : गुरुजी, बंदी टिकत नाही, लोक 'शुभ सकाळ'च्या चित्रातूनही प्रचार करतात. आमच्याकडे खेळ सुरू होण्याआधी एक बैठक होते. तीत कोणते विषय गोष्टीत आणायचे नाहीत, हे सर्वांच्या संमतीने ठरते, आणि शिवाय एक कोरे कार्ड मध्ये ठेवलेले असते. त्याला कोणीही बोट लावले, की तो प्रसंग तेथेच थांबतो, आणि कारण विचारायचे नसते. ग्रुपवर कार्डाऐवजी एखादे चिन्ह ठरवता येईल. भाऊबंद कारण न विचारता थांबतील का, ही अडचण आहेच. म्हणून पहिल्यांदा ते चिन्ह ग्रुपमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने वापरावे. बाहेरून आलेला मजकूर असेल, तर तो स्वतःच्या शब्दांत लिहून मगच टाकावा, एवढी एकच अट मी घालीन. एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा कंपनीने भारतात २०१८ मध्ये आणली, तरी ती आपल्या काका मंडळींच्या चिकाटीपुढे कमीच पडते.

प्रश्न : मी नववीत आहे. वीस बाजूंचा फासा आमच्याकडे मिळत नाही. काय करू?
— एक वाचक, जालना

उत्तर : एकसारख्या २० चिठ्ठ्या कर, त्यांवर १ ते २० आकडे लिही, सारख्या घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाक आणि न पाहता एक काढ. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी पुन्हा डब्यात टाकायला विसरू नकोस, नाहीतर शेवटी शेवटी कोणता आकडा यायचा राहिला आहे, हे तुझ्या मित्रांना आधीच कळेल.